घरफाळा भरणाऱ्याने जाब कुणाला विचारायचा?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवा रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो तेव्हा अधिकाऱ्याकडे जावं तर तो म्हणतो निधी नाही. नगरसेवकाकडे जावं तर ते म्हणतात, "अधिकारी आमचं ऐकतच नाहीत." आता एका प्रभागात चार नगरसेवक झालेत आणि चौघांचंही उत्तर हेच येतं. "निवडून दिलेल्या माणसाचं प्रशासन ऐकणार नसेल तर आम्ही मत कशासाठी दिलं? आणि घरफाळा भरणाऱ्या साध्या माणसाच्या हातात काही आहे की नाही?"

मी तीसेक वर्षं नगरसचिव कार्यालयात काम केलं. सभेची विषयपत्रिका काढायची, ठराव लिहायचे, कार्यवृत्तांत म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद तयार करायची, हे माझं काम. निवृत्तीनंतर नव्या नगरसेवकांना सभेचं कामकाज समजावून सांगतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न पाहिला आहे, आणि तो मला जिव्हाळ्याचा आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

"अधिकारी ऐकत नाहीत" हे वाक्य निम्मं खरं आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यानं कारभाराचे तीन प्रमुख भाग पाडलेत: महासभा (सगळ्या नगरसेवकांची सभा), स्थायी समिती (खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची छोटी समिती) आणि आयुक्त. आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करतं. कलम ६७ प्रमाणे अंमलबजावणीचे सगळे अधिकार आयुक्तांकडे आहेत. महापौर सभेचे अध्यक्ष असतात, शहराचे पहिले नागरिक असतात, पण एखाद्या शाखा अभियंत्याला "उद्या सकाळी रोलर लाव" असा हुकूम देण्याचा अधिकार त्यांनाही नाही. म्हणजे नगरसेवक फोन करून जे सांगतो ती विनंती असते. ती मानली जाते किंवा मानली जात नाही.

उरलेलं निम्मं मात्र नगरसेवक सांगत नाहीत, कारण पुष्कळांना ते माहीतच नसतं. कायद्यानं त्यांना हुकूम द्यायचा अधिकार दिला नसला तरी चार अधिकार दिलेत: प्रश्न विचारायचा, दप्तर पाहायचा, पैसा मंजूर किंवा नामंजूर करायचा, आणि हिशेब मागायचा. हे चारही अधिकार कागदावर चालतात. फोनवर, केबिनमध्ये किंवा सभेत माईक हातात घेऊन केलेल्या संतापावर ते चालत नाहीत. मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच आहे. प्रशासन आवाजाला उत्तर देत नाही, नोंदीला देतं. ज्याच्याकडे तारीख आणि क्रमांक आहे त्याला टाळता येत नाही.

कोल्हापुरात ही सवय मोडली गेली आहे, त्याचं कारणही समजून घ्यायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली. मग कोरोना, प्रभागरचना, ओबीसी आरक्षणाचा खटला असं करत निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं शहर प्रशासकाच्या ताब्यात होतं. प्रशासक राज म्हणजे नेमकं काय, तर आयुक्त म्हणून प्रस्ताव तयार करायचा आणि महासभा किंवा स्थायी समितीच्या जागी बसून प्रशासक म्हणून त्यालाच मंजुरी द्यायची. प्रस्ताव मांडणारा आणि तपासणारा एकच. त्या खुर्चीत बसलेला माणूस प्रामाणिक असला तरी प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, ही मुख्य अडचण होती. पाच वर्षांत एक अख्खी पिढी अशा अधिकाऱ्यांची तयार झाली ज्यांनी कधी सभागृहात उभं राहून उत्तर दिलेलं नाही.

म्हणून नव्या ८१ नगरसेवकांनी पहिल्यांदा एक काम करायला हवं होतं. अजूनही उशीर झालेला नाही. प्रशासक काळातल्या सर्व ठरावांची यादी मागायची: ठराव क्रमांक, तारीख, विषय, रक्कम, ठेकेदार, आणि निविदा काढली होती की नव्हती. ही यादी नगरसचिव कार्यालयात असते, असलीच पाहिजे. ती सभेच्या पटलावर ठेवा म्हणून सदस्य ठराव, म्हणजे नगरसेवकानं स्वतः मांडलेला ठराव, आणायचा. त्यात कुणावर आरोप करायची गरज नाही. ढपला कुणी पाडला, म्हणजे पैसा कुणी खाल्ला, याची चर्चा गंगावेश आणि मिरजकर तिकटीच्या चौकांत रोज होते, त्यातून हाती काही लागत नाही. यादी हाती आली की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

आता ताईंच्या रस्त्याकडे येतो, कारण उदाहरणाशिवाय हे सगळं हवेत राहील.

कुठल्याही रस्त्याच्या कामाची एक फाईल असते. त्या फाईलमध्ये अंदाजपत्रक असतं: डांबराचा थर किती मिलिमीटरचा, खाली खडीकरण किती, लांबी-रुंदी किती. तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मंजुरी असते. निविदा, तुलनात्मक तक्ता, करारनामा आणि कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, असतो. मग मोजमाप पुस्तिका, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात. त्यात शाखा अभियंत्यानं जागेवर जाऊन घेतलेली मोजमापं त्याच्या सहीनं लिहिलेली असतात आणि उपअभियंत्यानं ती तपासलेली असतात. साहित्याचे चाचणी अहवाल असतात. आणि करारात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. म्हणजे काम पूर्ण झाल्यावर अमुक वर्षं रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं तो स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. त्यासाठीच त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे अडकवून ठेवलेली असते.

"निधी नाही" हे उत्तर इथेच तपासायचं. दोषदायित्व कालावधीत उखडलेल्या रस्त्याला पालिकेचा निधी लागतच नाही. तिथे प्रश्न असा विचारायचा: या कामाचा कालावधी कोणत्या तारखेला संपतो? ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस दिली का, कधी दिली? दिली नसेल तर का नाही? अनामत परत केली का, केली असेल तर कोणाच्या सहीनं? चार ओळींचा प्रश्न आहे. अधिकाऱ्याला यातलं काहीही तोंडी उडवून लावता येत नाही, कारण प्रत्येक उत्तर म्हणजे फाईलमधला एक कागद आहे. मी पाहिलंय की असा प्रश्न लेखी गेल्यावर उत्तर यायच्या आधीच रस्त्यावर दुरुस्तीची गाडी येते. मग काही नगरसेवक प्रश्न मागे घेतात. मागे घेऊ नये. दुरुस्ती झाली तरी नोटीस का दिली नव्हती हे नोंदवून घ्यावं, नाहीतर पुढच्या गल्लीत हेच पुन्हा होतं.

रस्ता केल्यावर महिन्याभरात तो ड्रेनेजसाठी किंवा पाण्याच्या वाहिनीसाठी उकरला गेला असेल तर ठेकेदार तेच कारण पुढे करतो आणि ते बऱ्याचदा योग्यही असतं. तेव्हा खुदाईची परवानगी कोणी दिली आणि उकरलेला रस्ता पूर्ववत करायची रक्कम कोणाकडून भरून घेतली, हे विचारायचं. पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि रस्ते ही तीन खाती एकमेकांशी बोलत नाहीत हे शहराच्या खड्ड्यांचं मोठं कारण आहे. त्यांना एकत्र बसवणं हे प्रशासनाचं काम आहे, त्याचा जाब थेट आयुक्तांनाच विचारायला हवा.

सभागृहात प्रश्न विचारण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त वाया जातं.

नगरसेवकाला आयुक्तांना कारभाराविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यानं आहे. तो लेखी, आधी सूचना देऊन विचारायचा असतो. प्रत्यक्षात काय होतं? सभा सुरू होते, कुणीतरी उभं राहतं, पाणी येत नाही म्हणून तळमळीनं बोलतं. ती तळमळ खरीच असते, दारात बायका घागरी घेऊन उभ्या असतात. जल अभियंता उठतात, "माहिती घेऊन सांगतो" म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, फोटो येतो, आणि विषय संपतो. कारण तो प्रश्न कुठेच लिहिलेला नसतो.

यात आमच्यासारख्यांचाही दोष आहे आणि तो मी मान्य करतो. कार्यवृत्तांत लिहिताना एक वाक्य ठरलेलं असायचं: "यावर प्रशासनाकडून खुलासा करण्यात आला." खुलासा काय केला ते लिहायचंच नाही. वर्षानुवर्षं मी स्वतः असं लिहिलं. एका पालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका बाईंनी मागच्या सभेचा कार्यवृत्तांत कायम करायचा विषय आला तेव्हा उभं राहून विचारलं, "खुलासा झाला असं लिहिलंय, पण काय खुलासा झाला ते लिहिलेलं नाही. ते लिहिल्याशिवाय मी याला मान्यता देणार नाही." सभागृहात क्षणभर कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून माझ्या लिहिण्याची पद्धत बदलली. अधिकाऱ्यानं काय आश्वासन दिलं, किती दिवसांचं दिलं, हे त्याच्या नावासकट आणि हुद्द्यासकट यायला लागलं. कार्यवृत्तांत कायम करणं हा विषयपत्रिकेवरचा सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे. एका मिनिटात "मंजूर, मंजूर" म्हणून तो संपतो. मी सगळ्या नव्या नगरसेवकांना सांगतो की बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, तो कागद वाचून या.

याच बाई एक वही ठेवायच्या. साधी शाळकरी, आखलेली. प्रत्येक पानावर एक ठराव: क्रमांक, तारीख, कोणत्या खात्याकडे, पुढे काय झालं. दर सभेला फक्त तीन ठरावांची चौकशी करायच्या. सहा महिन्यांत खातेप्रमुख सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे स्वतःहून माहिती पाठवायला लागले. त्यांचा पक्ष विरोधात होता, संख्या कमी होती, आवाजही मोठा नव्हता.

ठरावांची गोष्ट निघालीच आहे तर विखंडनाबद्दल, म्हणजे शासनानं ठराव रद्द करण्याबद्दल, सांगतो. महासभेनं केलेला ठराव कायद्याच्या विरोधात असेल तर कलम ४५१ खाली शासन तो स्थगित किंवा विखंडित करू शकतं. हे कलम आवश्यक आहे, सभागृहंही चुकीचे ठराव करतात. आरक्षित भूखंडांबाबत तर अनेक शहरांत केलेत. पण म्हणून प्रशासनाकडे दोनच वाटा उरतात: ठराव अमलात आणा, किंवा शासनाकडे पाठवा. प्रत्यक्षात तिसरीच वाट वापरली जाते. ठराव फडताळात जातो. अमलात येत नाही, शासनाकडेही जात नाही. या तिसऱ्या वाटेला कायद्यात आधार नाही. म्हणून प्रश्न असा टाकायचा: ठराव क्रमांक अमुक, अंमलबजावणी झाली का? झाली नसेल तर शासनाकडे कोणत्या तारखेला पाठवला? दोन्हींचं उत्तर "नाही" आलं तर ते कार्यवृत्तांतात येऊ द्या. प्रशासनाला सगळ्यात अडचणीचा प्रश्न हाच असतो.

पैशाची चावी स्थायी समितीकडे आहे. सोळा सदस्य, त्यातले निम्मे पहिल्या वर्षानंतर चिठ्ठ्या टाकून निवृत्त होतात. त्यामुळे सदस्याला काम समजेपर्यंत त्याची जायची वेळ येते. कोल्हापुरात तर अडीच वर्षांचं महापौरपदही मागच्या काळात काही महिन्यांच्या तुकड्यांत वाटलं गेलं. शहराला त्याची मोठी किंमत मोजावी लागली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आयुक्त दोन-तीन वर्षं राहतात, खातेप्रमुख वीस वर्षं राहतात, आणि त्यांना जाब विचारणारा सहा महिन्यांत बदलतो. अशानं जाब कसा विचारला जाणार? नव्या सभागृहातल्या गटनेत्यांनी ही वाटणी बंद केली तर तेवढ्यानं अर्धं काम होईल.

स्थायी समितीच्या हातात एक मोठं साधन आहे: मुख्य लेखापरीक्षक. हा अधिकारी आपला अहवाल आयुक्तांना नाही, स्थायी समितीला देतो. कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम तसं ठेवलं आहे, म्हणजे खर्च करणारा आणि तपासणारा वेगळा राहावा. पण लेखापरीक्षण अहवाल समितीपुढे येतो तेव्हा "अवलोकन केले" असं लिहून बाजूला जातो. मी एकदा एका पालिकेत जुने अहवाल काढून पाहिले. तेच आक्षेप, त्याच खात्यावर, वर्षामागून वर्ष. प्रत्येक अहवालावर "अवलोकन केले". कोणा एका सदस्यानं एक आक्षेप धरून "याचं अनुपालन पुढच्या सभेत सादर करा", म्हणजे आक्षेपावर काय केलं ते दाखवा, एवढं जरी म्हटलं असतं तरी साखळी तुटली असती.

पालिकेत दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. एक "पाच-दोन-दोन", म्हणजे कारण नोंदवून निविदेशिवाय काम द्यायची तरतूद. दुसरं "सदुसष्ट-तीन-क", म्हणजे अचानक संकट आलं तर आयुक्तांनी तातडीनं कृती करायची आणि लगेच स्थायी समिती व महासभेला कळवायचं. दोन्ही तरतुदी गरजेच्या आहेत. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची पातळी पंचगंगेनं कधीच ओलांडली होती, अख्ख्या गल्ल्या पाण्यात होत्या. अशा वेळी निविदा काढत बसा असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. बोटी लागतात, टँकर लागतात, पूर ओसरल्यावर गाळ आणि कचरा उचलायला टिपर आणि माणसं लागतात, आणि ती त्याच दिवशी लागतात.

पण त्या कलमात "लगेच कळवायचं" हेही लिहिलं आहे, आणि तेच विसरलं जातं. शिवाय पूर दर काही वर्षांनी येणार हे आता कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत आहे. मग जूनमध्ये नालेसफाईचं काम "तातडीची बाब" म्हणून या कलमाखाली आलं तर विचारायचं की फेब्रुवारीत निविदा का काढली नाही? पावसाळा अचानक येत नाही. वर्षभरात या दोन तरतुदींखाली किती कामं झाली, किती रकमेची, कोणाला दिली, याचा एक पानी तक्ता दर तिमाहीला समितीपुढे ठेवायला लावा. तो तक्ता वर्तमानपत्रांनाही द्या.

मोठ्या योजनांबाबत वेगळा धडा आहे. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन घ्या. शहराच्या कैक वर्षांच्या मागणीनंतर काम २०१४ मध्ये सुरू झालं. सुमारे ५३ किलोमीटरची वाहिनी, आणि मूळ मुदत तीन वर्षांच्याही आतली. पाणी शहरात पोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये. उशिराला कारणंही होती: वनखात्याच्या परवानग्या, जागेचे प्रश्न, पावसाळे, जॅकवेलचं, म्हणजे धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीचं, अवघड काम. सगळा दोष एका दारात टाकावा असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. एवढ्या वर्षांत जी जी मुदतवाढ दिली गेली ती प्रत्येक एक लेखी निर्णय होता. ती दंडासह दिली की दंडाविना, कारण काय लिहिलं, सल्लागाराचा अभिप्राय काय होता, हे त्या त्या वेळी विचारायचं असतं. "योजना कधी पूर्ण होणार?" या प्रश्नाला प्रशासन नेहमी पुढची तारीख देतं. "मागची तारीख का चुकली आणि त्याबद्दल कोणावर काय आकारणी केली?" या प्रश्नाला तारीख देऊन सुटता येत नाही.

आणि टोल. कोल्हापूरकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. एन. डी. पाटील सरांनी म्हातारपणी रस्त्यावर उतरून जे केलं, गोविंद पानसरे ज्या जिद्दीनं उभे राहिले, पेठांतल्या तालमींपासून वकिलांपर्यंत सगळं शहर ज्या रीतीनं एक झालं, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. शहरातल्या रस्त्यांसाठी तीस वर्षं टोल द्यायचा करार होता आणि जनतेनं तो मोडायला लावला, २०१६ च्या सुरुवातीला टोल कायमचा गेला. पण त्या लढ्यातले जुने कार्यकर्ते भेटले की एक खंत बोलून दाखवतात. करार आपण वाचला तो सह्या झाल्यावर. तोपर्यंत रस्ते झाले होते, नाके उभे राहिले होते, आणि शेवटी कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतूनच द्यावी लागली. जे वाचन शहरानं आंदोलनात केलं तेच करार मंजुरीला येतो त्या आठवड्यात झालं असतं तर? विषयपत्रिका सभेच्या आधी काही दिवस नगरसेवकांच्या घरी जाते. त्या काही दिवसांतच सगळं असतं.

आता चार नगरसेवकांचा प्रश्न. आधी कोल्हापुरात एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता २० प्रभाग आहेत, १९ प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. ताईंची अडचण खरी आहे: चौघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, असं होऊ शकतं. यावर माझा उपाय सोपा आहे. अर्ज चौघांच्या नावानं एकच करायचा, चौघांकडून वेगवेगळी पोच घ्यायची, आणि पंधरा दिवसांनी चौघांना एकत्र गल्लीत बोलवायचं. पक्ष वेगळे असले तर उलट बरं, एकमेकांवर नजर राहते. प्रत्येकाला लेखी विचारायचं की या विषयावर तुम्ही सभेत प्रश्न दाखल केला का, आणि केला असेल तर त्याची प्रत द्या. "साहेबांशी बोललो" हे उत्तर स्वीकारायचं नाही.

यासाठी कायद्यानं दोन जागा दिलेल्या आहेत, त्या ओस पडल्या आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं शहरात आहेतच. प्रभाग समितीवर नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात, हे किती जणांना माहीत आहे? शहरात पर्यावरणाचं, पाण्याचं, ज्येष्ठ नागरिकांचं काम करणाऱ्या चांगल्या संस्था आहेत. त्या जागा राजकीय सोयीनं भरू देऊ नका, नावं आत्ताच सुचवा. दुसरी जागा क्षेत्र सभा. राज्यानं २००९ मध्ये कायद्यात ही तरतूद घातली: काही मतदान केंद्रांचा परिसर हे एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार हे सभेचे सदस्य, आणि सभा बोलावणं हे नगरसेवकाचं कर्तव्य. खेड्यात ग्रामसभा असते तशी शहरात ही. माझ्या पाहण्यात नियमानं भरलेल्या क्षेत्र सभा फारच थोड्या. चारही नगरसेवकांना "क्षेत्र सभा कधी घेणार?" एवढं एक पत्र शंभर मतदारांच्या सह्यांनी गेलं तर बघा काय होतं.

आयुक्तांवर अविश्वास ठराव आणावा का, असंही लोक विचारतात. कलम ३६ मध्ये तशी सोय आहे, एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतांनी. निवडून आलेल्या ८१ च्या हिशेबानं ते ५१ होतात. पण २०१६ मध्ये नवी मुंबईत तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर असा ठराव प्रचंड बहुमतानं झाला आणि तरी ते पुढचे काही महिने पदावर राहिले. आयुक्त गेले तरी फाईली तिथेच राहतात, खातेप्रमुख तिथेच राहतात. माझा सल्ला, या वाटेला जाऊ नका.

नागरिकांच्या हातात काय, हा ताईंचा शेवटचा प्रश्न. माहिती अधिकार सगळ्यांना ठाऊक आहे: दहा रुपये, तीस दिवस, मग प्रथम अपील. पण अर्ज लिहिताना लोक "रस्त्याच्या कामाची संपूर्ण माहिती द्या" असं लिहितात आणि मग "माहिती विस्तृत आहे" असं उत्तर येतं. मागायचे ते ठराविक कागद: कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, चाचणी अहवाल, काम पूर्ण झाल्याचा दाखला. त्याहून सोपा मार्ग म्हणजे २०१८ चा शासन निर्णय. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना स्थानिक संस्थांच्या कार्यालयात जाऊन अभिलेख पाहता येतात. अर्ज करून महिनाभर थांबायची गरज नाही. जाताना एकटं जाऊ नका. गल्लीतला एखादा निवृत्त अभियंता किंवा स्थापत्यशास्त्र शिकणारा मुलगा बरोबर घ्या. पन्नास मिलिमीटरचा थर लिहिलाय आणि जागेवर वीसच आहे, हे त्याला पट्टी लावून दाखवता येईल.

महासभा नागरिकांना खुली असते. गॅलरीत जाऊन बसा. मी इतकी वर्षं सभागृहात बसलो, गॅलरी भरलेली असते त्या दिवशी नगरसेवकही अभ्यास करून बोलतात आणि अधिकारीही आकडे घेऊन येतात. आणि फेब्रुवारी-मार्च सोडू नका, तेव्हा अंदाजपत्रक होतं. तुमच्या रस्त्याचं, तुमच्या ड्रेनेजचं काम त्या पुस्तकात लेखाशीर्षासकट, म्हणजे खर्चाच्या ठराविक खात्याखाली, आलं नसेल तर नंतर वर्षभर "निधी नाही" हे उत्तर ऐकावं लागतं, आणि तेव्हा ते खरं असतं.

एक काळजी घ्या ताई. शाखा अभियंता हा शत्रू नाही. बऱ्याच पालिकांत निम्म्या जागा रिकाम्या असल्यासारखी स्थिती असते, एका अभियंत्याकडे दोन-तीन माणसांचं काम असतं. वरून दबाव येतो, खालून शिव्या मिळतात. त्याच्या अंगावर धावून जाणारा नगरसेवक दुसऱ्या दिवशी फोटोत दिसतो, आणि तो अभियंता पुढच्या वेळी कुठल्याच कागदावर स्पष्ट लिहायचं टाळतो. यात नुकसान आपलंच होतं. लेखी, नेमकं आणि सभ्य विचारलं तर यातलेच काही जण तुम्हाला कुठला कागद मागायचा तेही सांगतात. मला असे पुष्कळ भेटले.

तेव्हा येत्या सोमवारी तीन वाजता रस्त्याच्या कामाचं नाव आणि वर्ष लिहून घेऊन जा. पहिल्यांदा फक्त एकच कागद पाहा: करारातला दोषदायित्व कालावधी आणि काम पूर्ण झाल्याची तारीख. ती तारीख हातात आली की चौघा नगरसेवकांना द्यायच्या प्रश्नाचा मसुदा मला पाठवा, मी तो नीट करून देईन.